शिरगावच्या किनाऱ्यावर कामगारांची शाळा

आमच्या बोईसरच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते आणि त्यानंतर तासभर वाचन. पावसाळा संपला की वर्षातून एकदा हे वाचन विहाराबाहेर न्यायचे, असा आमचा आठ-दहा वर्षांचा रिवाज आहे. कधी तारापूरचा किल्ला, कधी केळवे, एकदा कान्हेरीची लेणी. यंदा महिला मंडळाने शिरगाव ठरविले. कारण साधे होते. लोकलने दोन स्थानके, पुढे एस.टी., खर्च कमी, आणि किल्ला व समुद्र दोन्ही एकाच गावात.

विषय मात्र तरुण मुलांनी ठरविला. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. इकडचे कुशल कामगार तिकडे पाठवायचे, सुरुवातीला १० हजार, असा तो करार. तेव्हापासून आमच्या वस्तीतील आय.टी.आय. झालेली दोन मुले जर्मन भाषेची पुस्तके घेऊन बसलेली दिसतात. त्यातलाच एकजण एके दिवशी विहारात म्हणाला, "काका, तिकडे कामगाराला मान असतो म्हणतात. खरं का? की इथल्यासारखंच ठेकेदाराच्या हाताखाली राबायचं?" आम्ही कारखान्याच्या कार्यालयात कारकून. बी.कॉम.पर्यंत शिकलेले, संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे पी.एफ.चे आणि ई.एस.आय.चे अर्ज भरून देणारे. त्यामुळे असले प्रश्न आमच्याच गळ्यात पडतात. महिनाभर मिळेल ते वाचले आणि शिरगावला बोलायचे कबूल केले.

रविवारी सकाळी आम्ही लहानथोर मिळून तेवीस माणसे बोईसर स्थानकावर जमलो. विरार-डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाली, त्याआधी शटल आणि लांबच्या गाड्यांच्या भरवशावर हा सारा पट्टा होता. फलाटावर रात्रपाळी करून आलेली मुले बाकड्यांवर बसल्या बसल्या झोपली होती. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली ही मुले. एका खोलीत आठजण राहतात आणि अंथरूणही पाळीने वापरतात. तारापूर औद्योगिक वसाहत म्हणजे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने कारखाने बघू नयेत, रविवारी सकाळचा हा फलाट बघावा.

उमरोळी गेले, पालघर आले. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. स्थानकाबाहेर पडून सातपाटीच्या एस.टी.त बसलो. गाव ओलांडताना हुतात्मा स्मारकाचा चौक लागतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी इथे मोर्चावर गोळीबार झाला आणि पाचजण हुतात्मे झाले. मुलांना ते दाखवीत असता आम्हांला एक गोष्ट आठवली. त्याच महिन्यात, ७ ऑगस्ट १९४२ ला, दिल्लीत डॉ. बाबासाहेबांनी मजूरमंत्री या नात्याने त्रिपक्षीय कामगार परिषद बोलावली होती. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाभोवती. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्या महिन्याची एकच बाजू असते. दोन्ही बाजू एका वेळी मुलांना सांगायला हरकत नसावी.

शिरगाव पालघरहून सहा-सात किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या, नारळी, भाताची शेते. किल्ला गावातच आहे, चढण नाही, त्यामुळे आमच्या सोबतच्या दोन आजीबाईही आत आल्या. दरवाजा आणि बुरूज बऱ्यापैकी शाबूत आहेत. आत अनेक फांद्या फुटलेले ताडाच्या जातीचे एक झाड आहे. ताडाला फांद्या कशा, म्हणून मुले त्याच्याभोवतीच घुटमळत राहिली. पोर्तुगीजांच्या ताब्यातला हा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांकडे आला आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला. एवढे सांगून झाल्यावर एका आजींनी तटाच्या दगडावर हात ठेवून विचारले, "आणि हे दगड कुणी वाहिले?" याचे उत्तर आम्ही वाचलेल्या कोणत्याही माहितीत नाही. आजींचे अर्धे आयुष्य मुंबईच्या इमारतींवर घमेली वाहण्यात गेले आहे. त्यांना ते सुचले, आम्हांला सुचले नव्हते.

किल्ला पाहून समुद्रावर गेलो. झाडांच्या सावलीत सतरंज्या अंथरल्या, त्रिसरण-पंचशील झाले, चहा झाला आणि आम्ही बोलायला उभे राहिलो.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच केली, कारण जर्मनीशी त्यांचा संबंध होता हे वस्तीत फार थोड्यांना ठाऊक आहे. लंडनला शिकत असताना १९२१ साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. तो अभ्यास पुरा झाला नाही. परंतु जर्मन भाषा त्यांना येत होती. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. नेमक्या त्याच वर्षी जर्मनीत चलनाची काय दशा झाली होती? नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. पगार झाला की कामगार धावत दुकान गाठायचा, कारण संध्याकाळपर्यंत त्या नोटांची पाव-भाजीही यायची नाही. पैशाची किंमत घसरली की मालाच्या किमती आधी वाढतात आणि मजुरी मागाहून रखडत येते, म्हणजे व्यापाऱ्याचा नफा हा मजुराच्या ताटातून जातो, हे बाबासाहेबांनी त्या ग्रंथाच्या काळात मांडले. आम्ही पगारपत्रक लिहिणारी माणसे. हा हिशेब आम्हांला दर महिन्याच्या सात तारखेला समोर दिसतो.

मग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीकडे वळलो. १९४५ साली ते राष्ट्र हरले, शहरे ढिगारे झाली, देश चार सैन्यांनी वाटून घेतला. २० जून १९४८ ला, रविवारीच, पश्चिम भागात नवे चलन आले. प्रत्येक माणशी ४० नवे मार्क हातात मिळाले. बँकेतल्या जुन्या १०० मार्कांचे शेवटी साडेसहा उरले. पण ज्याच्याकडे कारखाना होता त्याचा कारखाना तसाच राहिला, ज्याच्याकडे जमीन होती त्याची जमीन तशीच राहिली. त्याच सुमारास अर्थव्यवस्थेचे सूत्रधार लुडविग एर्हार्ड यांनी बहुतेक मालावरचे किमतींचे नियंत्रण उठविले, मजुरी मात्र नोव्हेंबरपर्यंत गोठलेलीच. दुकाने एका रात्रीत भरली आणि खिसे रिकामे राहिले.

"म्हणजे आपल्यासारखंच की," मागून कोणीतरी म्हणाले.

इथवर आपल्यासारखेच. पुढे फरक पडतो. १२ नोव्हेंबर १९४८ रोजी ९० लाखांहून अधिक कामगारांनी एक दिवस काम बंद ठेवले. एर्हार्ड यांचे धोरण त्या संपाने बदलले नाही. त्यांच्या धोरणाने पुढे उत्पादन वाढले हेही खरे, आणि अमेरिकेची मदत व १९५३ साली जवळपास निम्मे माफ झालेले परदेशी कर्ज यांचाही त्यात वाटा होता. जर्मन चमत्कार म्हणून जो मिरवला जातो, त्यात हे कर्जमाफीचे पान सहसा कोणी उघडत नाही. परंतु संपाचा धाक राहिला. १९५२ साली कायदा करून, ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली त्यांच्यावर मालमत्तेच्या निम्म्या किमतीएवढा कर बसविला गेला. तीस वर्षांत फेडायचा. तो पैसा ज्यांचे सर्वस्व गेले अशा निर्वासितांना आणि बेघरांना दिला गेला.

आता मुख्य गोष्ट. कोळसा आणि पोलादाच्या कारखान्यांत कामगार संघटना म्हणत होत्या की, ज्या मालकांनी हिटलरला पैसा पुरविला त्यांच्या एकट्याच्या हाती हे कारखाने पुन्हा नकोत. संचालकांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या हव्यात. १९५० च्या अखेरीस धातू कामगारांचे मतदान घेतले तेव्हा ९५ टक्क्यांहून अधिक कामगारांनी संपाच्या बाजूने मत दिले. संप झाला नाही. जानेवारी १९५१ मध्ये पंतप्रधान आडेनाउअर आणि संघटनांचे पुढारी हान्स ब्यॉक्लर यांची बोलणी झाली आणि मे महिन्यात कायदा झाला. हजारावर कामगार असलेल्या खाण-पोलाद कंपनीत देखरेख मंडळावर मालक आणि कामगार यांचे समसमान सभासद, वर एक त्रयस्थ. कामगारविषयक संचालक हा कामगार सभासदांच्या बहुमताविरुद्ध नेमता येत नाही. हा कायदा ज्या शहरात मंजूर झाला ते बॉन. तेच बॉन, जिथल्या विद्यापीठाच्या नोंदवहीत तीस वर्षांपूर्वी आमच्या बापाचे नाव लागले होते.

१९५२ साली इतर उद्योगांसाठी कायदा झाला, तो कमजोर होता, मंडळात कामगारांना एक तृतीयांशच जागा. १९७६ साली दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांत निम्म्या जागा मिळाल्या, पण समसमान मते पडली तर अध्यक्षाचे जादा मत मालकाच्या बाजूचे. खालच्या पातळीवर, पाच कामगार असले तरी ते आपली कामगार समिती निवडू शकतात. जिथे अशी समिती आहे तिथे तिला विचारल्याशिवाय कोणाला काढले तर ते काढणे कायद्याने रद्द ठरते, आणि तिच्या संमतीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही.

ओव्हरटाइमचा शब्द निघाला आणि बायकांचे लक्ष एकदम वळले. म्हणून १९५६ च्या मे दिनाचे तिकडचे एक भित्तिपत्र सांगितले. त्यावर एक लहान मूल आहे आणि ते शनिवारी बाबांवर आपला हक्क सांगत आहे. पाच दिवसांच्या आठवड्याची ती मागणी होती. पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या एक ताई हसून म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडे मूल रविवारसुद्धा मागत नाही. त्याला माहीतच नाही." त्यांचे यजमान खाली मान घालून वाळूत काडीने रेघा ओढीत होते. ते त्या दिवशी बारा तासांची एक पाळी बुडवून आले होते. मग त्यांना मुद्दाम सांगितले की, आठवड्याचे ५४ तासांचे ४८ तास आपल्या देशात १९४६ साली झाले, आणि त्या दुरुस्तीचे विधेयक मांडले बाबासाहेबांनी. कामगार संघटनेला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनी १९४३ सालीच आणले होते. ताई म्हणाल्या, "मग ते अठ्ठेचाळीस गेले कुठे?"

आजारपणाचीही एक गोष्ट आहे, तीही सांगितली. १९५६ च्या ऑक्टोबरात जर्मनीच्या उत्तरेकडील गोद्यांतील कामगार संपावर गेले. मागणी एवढीच की, कारकून आजारी पडला तर त्याला पगार मिळतो, मग कामगाराला का नाही? हा संप सोळा आठवडे चालला, ऐन थंडीत. १९५७ साली कायद्याने त्यांना बरेच काही मिळाले आणि १९६९ साली कामगार व कारकून यांना सहा आठवड्यांच्या आजारपणाचा सारखा पगार झाला. कारकून आणि कामगार यांच्यातली ही रेघ आम्ही जरा घाईनेच पुसून पुढे गेलो. आम्ही त्या रेघेच्या कोणत्या बाजूला बसतो, हे समोरच्या प्रत्येकाला माहीत होते.

जर्मनीचे हे वैभव सर्वांसाठी नव्हते, हेही मुलांना सांगणे भाग होते. उद्या त्यांनाच तिकडे जायचे आहे. १९५५ पासून इटलीतून, १९६१ पासून तुर्कस्तानातून तिकडे कामगार आणले गेले. पाहुणे कामगार असे त्यांना नाव. पाहुणा कधीतरी जातो, हा त्या नावाचा अर्थ. युरोपीय समुदायाबाहेरच्या या कामगारांना कामगार समितीत उमेदवार म्हणून उभे राहण्याचा हक्क १९७२ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे वीस वर्षे टेबल होते, खुर्च्या होत्या, आणि सर्वांत जड काम करणाऱ्याला बसायची मुभा नव्हती. १९७३ च्या ऑगस्टमध्ये कोलोन शहरात फोर्डच्या कारखान्यात, सुटीवरून उशिरा परतले म्हणून सुमारे तीनशे तुर्की कामगारांना काढले. त्यांच्या भाऊबंदांनी संप केला. कामगार समिती आणि संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही. संप मोडला.

हे ऐकताना आमच्या वयाच्या लोकांना मुंबईच्या गिरण्या आठवल्या. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या गिरणी कामगारांनीच ती बंदी पाळली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारले ते हेच. आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत, आपले शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे ते म्हणाले. त्यांना केवळ कारखान्याच्या फाटकावर दिसणारा शत्रू पुरेसा नव्हता.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी घटना समितीला निवेदन दिले. महत्त्वाचे उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, आणि हे घटनेतच लिहून ठेवावे, म्हणजे येणारे सरकार ते सहज पुसणार नाही. गंमत अशी की, अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९४६ मध्ये, जर्मनीतील हेसन राज्याच्या जनतेने मोठे उद्योग समाजाच्या मालकीचे करण्याच्या कलमाला ७० टक्क्यांहून अधिक मते दिली होती. अमेरिकन लष्करी अंमलाने ते अडवून धरले. बाबासाहेबांचे निवेदनही तसेच राहिले. पूर्व जर्मनीत कारखाने राज्याचे झाले, पण तिथे कामगाराला तोंड उघडायची सोय नव्हती. जून १९५३ मध्ये तेवढ्याच पगारात दहा टक्के जास्त काम लादले, कामगार रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर रणगाडे घातले गेले. बाबासाहेबांना राज्याची मालकी हवी होती ती लोकशाहीसकट, ही गोष्ट आपल्यातले काही डावे मित्र सोयीने गाळतात.

आमचे बोलणे पाऊण तास झाले असेल. उत्तम झाले असे आम्हांला वाटत होते. तेवढ्यात एक मुलगा उभा राहिला. वय वीस-एकवीस. त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पांढरी पट्टी होती. तो आमच्याच कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. पंधरा दिवसांपूर्वी ड्रम उतरवताना ॲसिड हातावर आले.

"काका, तिकडं पाच माणसांत समिती होते. आपल्या कंपनीत अशी काही कमिटी आहे का?"

आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी वर्क्स कमिटीची तरतूद होती, मालकाचे जितके प्रतिनिधी तितके तरी कामगारांचे. त्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली, ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, आणि ही कमिटी तिच्यातही आहे. कामगारांना कारभारात सहभाग द्यावा असे आपल्या घटनेत ४३-अ कलम आहे, ते घातले १९७६ साली. जर्मनीचा मोठा कायदा झाला त्याच वर्षी! त्यांचा कायदा झाला, आमचे मार्गदर्शक तत्त्व झाले.

हे सारे आम्ही भराभर सांगितले. मुलगा ऐकत उभाच राहिला. "ते झालं काका. आपल्या कंपनीत कोण आहे त्या कमिटीत?"

वाचकहो, तिथे खोटे बोलता आले असते. समोर विहारातली माणसे बसली होती, तासापूर्वीच त्यांच्याबरोबर पंचशील म्हटले होते, आणि चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. आम्ही सांगितले. कमिटी कागदावर आहे. कामगारांची पाच नावे मॅनेजरने सुचविलेली आहेत. दर तिमाहीला बैठक झाली असे आम्ही लिहितो. सहा वर्षे झाली, बैठक एकदाही भरली नाही. इतिवृत्ताची वही आमच्या टेबलाच्या डाव्या खणात असते. आम्ही अक्षर सुंदर काढतो आणि शिपायाबरोबर ती सह्यांसाठी फिरवतो. कामगार न वाचता सही करतात, कारण वही कारकुनाने आणलेली असते आणि कारकून आपल्यातलाच आहे.

मुलाने पट्टीचा हात दुसऱ्या हाताने धरला. "हातमोज्यांचं काही लिहिलं होतं का त्यात?"

लिहिले होते. तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर, आमच्याच अक्षरात. हातमोजे पुरविण्याबाबत चर्चा झाली व सर्व कामगारांना ते देण्याचे ठरले. कारखाना तपासणीसाठी कोणी आले तर दाखवायला बरे, म्हणून तो विषय घातला होता. कायम कामगारांना मोजे मिळाले. ठेकेदाराच्या मुलांना नाहीत, कारण कागदावर ती आमची नाहीत.

बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या सहचारिणींनी डबे उघडायला घेतले, तेवढेच त्यांना सुचले असावे. भाकरी, बटाट्याची भाजी, सुकटीची चटणी. त्या मुलाला डाव्या हाताने भाकरी मोडता येईना, तेव्हा त्या ताईंनी त्याला तुकडे करून दिले. आम्हांला घास गिळताना जड गेले.

जेवण चालू असता एक मावशी मासळीची पाटी घेऊन किनाऱ्याने आल्या. आम्ही बोईसरची माणसे म्हटल्यावर त्यांनी पाटी खाली ठेवली. "तुमच्या कारखान्यांचं पाणी येतं ना खाडीत. माझ्या सासऱ्याला जवळ जाळं टाकून जे मिळायचं, त्याला आता पोराला लांब जावं लागतं. डिझेल कोण देणार?" या किनाऱ्याचे मच्छीमार हे कित्येक वर्षे सांगत आहेत. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हा प्रश्न घेऊन २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ सालच्या निर्देशांकात देशातील औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर सर्वांत वर होते. ज्या ड्रममधले ॲसिड त्या मुलाच्या हातावर आले, तशाच मालाचे उरलेसुरले मावशींच्या खाडीत जाते. त्यांच्यासाठी तर जर्मनांच्या टेबलावरही खुर्ची नाही. मावशींकडून बोंबील घेतले, त्यांनी दोन वाढवून टाकले.

परतीच्या लोकलमध्ये मुले झोपली. जर्मन शिकणारा मुलगा मात्र आमच्या शेजारी येऊन बसला आणि तिकडे गेल्यावर समितीत आपले नाव लागते का, हे आधी विचारीन म्हणाला. सहचारिणी खिडकीबाहेर बघत होत्या. उमरोळी गेल्यावर हळूच म्हणाल्या, "उद्या काय करणार आहात ते मला ठाऊक आहे. नोकरी गेली तर मुलीच्या फीचं बघून ठेवा." एवढेच. करू नका असे म्हणाल्या नाहीत.

सोमवारी त्या तिमाहीची वही लिहायची होती. आम्ही तारीख घातली आणि खाली काही लिहिले नाही. वही घेऊन मॅनेजर साहेबांकडे गेलो. या वेळी बैठक घ्यावी, नाहीतर इतिवृत्त आम्हांला लिहिता येणार नाही, असे सांगितले. साहेबांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले. तब्येत बरी आहे ना, असे विचारले. आम्ही बरी आहे म्हणालो आणि तिथेच उभे राहिलो. दोन दिवस काही हालचाल नाही. तिसऱ्या दिवशी, त्या पाचजणांपैकी दोघे कायम कामगार, जे शिरगावला आले होते, स्वतः साहेबांना भेटले. बैठक शुक्रवारी जेवणाच्या सुटीनंतर ठरली.

बैठक वीस मिनिटे चालली. चहा आला, बिस्किटे आली नाहीत. आम्ही वही घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. पट्टीवाल्या मुलाला आत घेता येणार नाही असे सांगण्यात आले, तो ठेकेदाराचा. तो दाराबाहेर उभा राहिला आणि दार त्या दोघांपैकी एकाने उघडेच ठेवले. विषय पहिला, हातमोजे. साहेब म्हणाले, हा निर्णय तर तीन वर्षांपूर्वीच झाला आहे, वहीत पाहा. वही आमच्या मांडीवर होती. आम्ही ते पान काढले, मोठ्याने वाचले आणि सांगितले की, साहेब, हे आम्ही लिहिले आहे, पण अशी बैठक झाली नव्हती. तेही आजच्या इतिवृत्तात घ्यायचे का, असे विचारले. साहेब म्हणाले, ते राहू द्या, मोज्यांचे लिहा.

आम्ही दोन्ही लिहिले. सह्या करताना त्या पाचहीजणांनी प्रथमच पान वाचून घेतले. त्यात दहा मिनिटे गेली.

हातमोजे पुढच्या आठवड्यात आले. चाळीस जोड. ठेकेदाराकडची मुले बासष्ट आहेत. उरलेल्या बावीस जोडांचा विषय पुढच्या बैठकीसाठी वहीत घालून ठेवला आहे.